भाकरीच खाते, तरी आकडा उतरेना: करवीर तालुक्यातल्या एका सीलिॲक रुग्णाचा प्रकरण अभ्यास

आठ वर्षांची मुलगी. घर कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात, ऊसशेतीचं. वजन १९ किलो, उंची ११६ सेंमी. हिमोग्लोबिन ८.१, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ६६, फेरिटिन (साठ्यातलं लोह) ५, तिन्ही कमी. जंताच्या गोळ्या दोनदा झालेल्या. लोहाचं औषध दिवसाला किलोमागे ३ मिग्रॅ या हिशोबाने सात महिने नेमाने चालू, तरी हिमोग्लोबिन अर्ध्या अंकानेही वाढलेलं नाही. थॅलेसेमियाची तपासणी ठीक. जुलाब नाहीत, पोट फुगत नाही. म्हणूनच सात महिने कुणाचं लक्ष आतड्याकडे गेलं नाही.

(हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेलं आहे. अशा रुग्णांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका मुलीच्या रूपात एकत्र केल्या आहेत. तिचे आकडे प्रातिनिधिक समजावेत. रेणूंविषयीचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.)

तोंडावाटे दिलेलं लोह अंगी लागत नसेल, तर ते शोषलं जातं त्या जागेवर पहिला संशय घ्यावा. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ड्युओडेनममध्ये, शोषलं जातं. सीलिॲक आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्याला इजा करते, आणि तिचा पहिला आणि सर्वांत जोरदार घावही तिथेच बसतो. मूल जुलाबाशिवाय नुसतंच पांढरं आणि खुजं राहणं हे या आजाराचं नेहमीचं रूप आहे.

टीटीजी-आयजीए मागवलं, म्हणजे या आजारात रक्तात वाढणारी आयजीए प्रकारची प्रतिपिंडं मोजली, सोबत एकूण आयजीएही. ही जोडी तोडू नये. ज्याच्या अंगात आयजीएच तयार होत नाही त्याची टीटीजी-आयजीए चाचणी खोटी नकारात्मक येते. इथे एकूण आयजीए १४२, म्हणजे पुरेसं. टीटीजी मात्र प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या फक्त २.४ पट. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बायॉप्सी टाळायची तर हा आकडा किमान १० पट हवा, आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तात एंडोमायशियल प्रतिपिंडंही सापडायला हवीत. त्यामुळे दुर्बीण घालावी लागली. ड्युओडेनमच्या पुढच्या भागातून चार आणि बल्बमधून (त्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातून) एक असे तुकडे घेतले. अहवाल असा: दर १०० आवरणपेशींमागे ३५ लसिकापेशी, म्हणजे २५ च्या मर्यादेपेक्षा जास्त, पण विलाय, म्हणजे अन्न शोषणारे बोटांसारखे उंचवटे, शाबूत. इजेच्या मार्श मोजपट्टीवर पहिली पायरी, मार्श १. एवढ्यावर निदान होत नाही. जिआर्डिया, हेलिकोबॅक्टर किंवा नुकताच होऊन गेलेला विषाणूसंसर्ग यांतही हेच चित्र दिसतं.

घोळ कुठे होता ते आज्जीने सहज सांगून टाकलं. शेजारणीच्या सल्ल्याने पाच महिन्यांपूर्वीच घरात मुलीची चपाती बंद झाली होती. भाकरी आणि भात चालू, अधूनमधून बिस्किट आणि मिसळीबरोबर पाव. गहू पूर्ण बंद नव्हता आणि पूर्ण चालूही नव्हता. तपासणीआधी गहू कमी करणं ही या आजारातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रतिपिंडं अर्धवट उतरतात, आतडं अर्धवट सावरतं, आणि कागदावर उरतं ते ‘कदाचित’.

मग एचएलए तपासणी झाली, म्हणजे सीलिॲक होण्यासाठी लागणारी जनुकं आहेत का ते पाहिलं, आणि गोंधळ आणखी वाढला. अहवालात चार नोंदी होत्या: डीक्यूए१*०२:०१, डीक्यूए१*०५:०५, डीक्यूबी१*०२:०२, डीक्यूबी१*०३:०१. तळाशी छापील शेरा: ‘डीक्यू२.५ हॅप्लोटाइप आढळला नाही.’ म्हणजे बहुतेक सीलिॲक रुग्णांत एकाच गुणसूत्रावर शेजारी सापडणारी जनुकांची जोडी इथे नव्हती. घरच्यांनी त्याचा अर्थ घेतला, जनुक नाही म्हणजे आजार नाही. शेरा अक्षरशः खरा होता, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा होता. तो का चुकला हे कळण्यासाठी रेणूच्या आत डोकवावं लागतं.

खाच, खिसे आणि एक भार

एचएलए रेणू म्हणजे पेशीच्या अंगावर उघडी धरलेली एक खाच. पेशी प्रथिनांचे तुकडे या खाचेत बसवून बाहेर मांडते. टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतली एक पांढरी पेशी, नुसता तुकडा ओळखत नाही, खाचेत बसलेलाच ओळखते. हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पहिल्या वर्गाच्या रेणूंची खाच दोन्ही टोकांना बंद असते, म्हणून तिच्यात साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा मावतो. डीक्यू हा दुसऱ्या वर्गातला. त्याची खाच टोकांना उघडी असते. १३ ते २५ आम्लांचा तुकडा चरकात घातलेल्या उसासारखा दोन्हीकडून बाहेर डोकावतो, पण खरी पकड मधल्या नऊ आम्लांवरच असते. त्या नऊपैकी १, ४, ६, ७ आणि ९ या जागांची आम्लं खाली, खाचेतल्या खिशांत उतरतात. बाकीची वर तोंड करून टी पेशीसमोर येतात.

कुठल्या खिशात काय बसेल हे खिशाच्या भिंतीवर ठरतं. डीक्यू२.५ च्या बीटा साखळीत ७१ व्या जागी लायसिन आहे, धन भाराचं. त्यामुळे ४, ६ आणि ७ हे खिसे ऋण भाराचं आम्ल मागतात. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये तर ऋण भार जवळजवळ नसतोच. तिथे भरमार असते ती प्रोलिन आणि ग्लुटामिनची, आणि दोन्ही भारहीन. म्हणजे ताटातला गहू जसाच्या तसा या खाचेत नीट बसायला नको.

बसतो, कारण आतड्याच्या ऊतीत ट्रान्सग्लुटामिनेज-२ नावाचं विकर आहे. टीटीजी चाचणीतलं टीटीजी ते हेच. त्याचं नेहमीचं काम प्रथिनांना एकमेकांशी टाके घालण्याचं. पण ग्लुटामिन, मग कोणतंही एक आम्ल, मग प्रोलिन, असा क्रम दिसला की ते त्या ग्लुटामिनचा अमाइड गट काढून टाकतं आणि तिथे ग्लुटामेट उरतं. ग्लुटामेट ऋण भाराचं. ज्या भारासाठी खिसा रिकामा होता तोच भार असा हाती येतो.

एक उदाहरण. अल्फा ग्लायडिन या ग्लुटेनमधल्या प्रथिनातले नऊ दुवे असे: प्रोलिन, फेनिलॲलानिन, प्रोलिन, ग्लुटामिन, प्रोलिन, ग्लुटामिन, ल्युसिन, प्रोलिन, टायरोसिन. सहाव्या जागच्या ग्लुटामिननंतर ल्युसिन आणि मग प्रोलिन येतं. विकराला हवा तोच क्रम. म्हणून सहाव्याचं ग्लुटामेट होतं आणि ते नेमकं सहाव्या खिशात बसतं. गंमत पुढेच आहे. हीच साखळी दोन जागा पुढे सरकवून तिसऱ्या दुव्यापासून मोजायला सुरुवात केली, तर तेच ग्लुटामेट चौथ्या जागी येतं आणि चौथ्या खिशात तितकंच घट्ट बसतं. एका आम्लात बदल झाला आणि टी पेशींसाठी दोन वेगळी लक्ष्यं तयार झाली. २००२ मध्ये ३३ आम्लांचा जो तुकडा वेगळा केला गेला त्यात अशी एकमेकांवर चढलेली सहा लक्ष्यं आहेत. त्या ३३ पैकी १३ प्रोलिन आहेत. प्रोलिनजवळ पचनाची विकरं बोथट होतात, म्हणून तो पोटातून जवळजवळ अखंड आतड्यापर्यंत पोचतो.

अहवालातला शेरा चुकीच्या दिशेला नेतो तो इथे. डीक्यू रेणू दोन साखळ्यांचा असतो. अल्फा साखळी डीक्यूए१ वरून येते, बीटा डीक्यूबी१ वरून. बहुतेक रुग्णांत डीक्यू२.५ ची दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी असतात, *०५:०१ आणि *०२:०१ (जोडीत आधी अल्फा, मग बीटा). या मुलीला वडिलांकडून *०५:०५ व *०३:०१ ही जोडी मिळाली, म्हणजे डीक्यू७. आईकडून *०२:०१ व *०२:०२, म्हणजे डीक्यू२.२. पण पेशीच्या आत साखळ्यांना माहेर-सासर नसतं. वडिलांची अल्फा आईच्या बीटाशी जुळते आणि त्या जोडीतून डीक्यू२.५ उभा राहतो. अल्फा *०५:०५ आणि *०५:०१ यांतला फरक फक्त छाटून टाकल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्यात आहे, तयार साखळी तीच. बीटा *०२:०२ आणि *०२:०१ यांच्यात एका आम्लाचा फरक, तोही १३५ व्या जागी, खाचेपासून दूर. खाच तंतोतंत तीच. याला ट्रान्स जोडी म्हणतात. दोन्ही पालकांत डीक्यू२.५ नसताना मुलात तो तयार होऊ शकतो.

आईचा डीक्यू२.२ वेगळा का, हेही पाहायला हवं, कारण त्याचीही बीटा जवळपास तीच आहे. फरक अल्फाच्या २२ व्या जागी आहे. डीक्यू२.५ मध्ये तिथे टायरोसिन, डीक्यू२.२ मध्ये फेनिलॲलानिन. तेवढ्याने तुकड्याला धरून ठेवणारा एक हायड्रोजन बंध जातो आणि बहुतेक ग्लुटेन तुकडे लवकर सुटून पडतात. मांडणी टिकत नाही आणि टी पेशी भडकत नाहीत. तुकडा बसतो की नाही याच्याइतकंच तो किती वेळ बसून राहतो हेही मोलाचं आहे.

म्हणून एचएलए मागवताना ‘डीक्यू२ आहे-नाही’ असा होकार-नकार मागू नये. डीक्यूए१ आणि डीक्यूबी१ दोन्हींची जनुकरूपं लिहून मागवावीत आणि जोड्या स्वतः लावाव्यात. दुसरीकडे, होकारार्थी एचएलए म्हणजे निदानही नव्हे. हे रेणू बाळगणाऱ्यांपैकी थोड्यांनाच आजार होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतभरच्या सर्वेक्षणात उत्तरेत सीलिॲकचं प्रमाण १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं, तरी डीक्यू२ किंवा डीक्यू८ (सीलिॲकशी जोडलेला दुसरा डीक्यू रेणू) बाळगणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे मिळतंजुळतं होतं. रोजचा गहू मात्र उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्येत गहू फक्त ३७ ग्रॅम असूनही आजार ०.८७ टक्के निघाला, त्यामुळे नुसत्या गव्हाच्या तराजूने सगळं उलगडत नाही. कोल्हापूरच्या ताटात चपाती, भाकरी आणि भात तिन्ही असतात.

पुन्हा चपाती

एचएलएने दार उघडं ठेवलं, पण निर्णय रक्तालाच द्यायचा होता. मुलीला पुन्हा गहू खायला घातला, रोज दोन चपात्या, आठ आठवडे. हिशोब असा: एका चपातीला ३० ग्रॅम कणीक, तिच्यात साधारण ११ टक्के प्रथिन, त्यातलं सुमारे ८० टक्के ग्लुटेन, म्हणजे चपातीमागे अडीच ग्रॅमच्या आसपास. रोज किमान ३ ग्रॅम ग्लुटेन ही या चाचणीची नेहमीची पातळी, दोन चपात्यांत ती सहज ओलांडली जाते. ही चाचणी पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येतानाच्या वाढीच्या काळात शक्यतो टाळतात. आठ वर्षं त्या मानाने सोयीचं वय.

आठव्या आठवड्याअखेर टीटीजी १२ पट. आठवडाभराने घेतलेल्या वेगळ्या रक्तात एंडोमायशियल प्रतिपिंडं स्पष्ट. दुसरी दुर्बीण घातली नाही.

टीटीजी प्रतिपिंड गव्हाविरुद्ध नसतं, आपल्याच विकराविरुद्ध असतं. तरी ते गव्हावर चढतं-उतरतं. विकर ग्लुटेनच्या तुकड्याला चिकटतं, विकर ओळखणारी बी पेशी (प्रतिपिंडं बनवणारी पेशी) ती जोडगोळी आत घेते आणि स्वतःच्या डीक्यूवर तुकडा ग्लुटेनचा मांडते. ग्लुटेन ओळखणारी टी पेशी तिला मदत करते आणि प्रतिपिंड बनतं विकराविरुद्ध. गहू थांबला की मदत थांबते. आहार पाळला जातोय की नाही हे टीटीजीवरून तपासता येतं ते याचमुळे.

अडकलेला आकडा

गहू, रवा, मैदा, शेवया, सातू, माल्टवाली पावडर बंद. लोह चालू. सहा महिन्यांत टीटीजी १२ वरून ६ पटींवर, फेरिटिन ५ वरून १९. बाराव्या महिन्यात टीटीजी ४ पट, पंधराव्यातही ४. वर्षा-दीड वर्षात बहुतेक मुलांत तो सामान्याकडे येतो, निदान उतरता राहतो. एका जागी थांबलेला आकडा म्हणजे कुठून तरी रोज थोडा गहू पोटात जातोय.

संशय आधी हिंगावर गेला. बांधणी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो हे खरं, आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटताना त्यात तोच हिंग पडला होता. घरात रडारड झाली, कारण बरणीत सहा किलो चटणी भरलेली. पण हिशोब करू. सहा किलो चटणीत २५ ग्रॅम हिंग, त्यात समजा निम्म्याहून जास्त, १५ ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम ग्लुटेन. मुलगी दिवसाला ५ ग्रॅम चटणी खात असेल तर तिच्या वाट्याला १ मिग्रॅच्या आसपास. रोज १० मिग्रॅच्या आत आतड्याला इजा होण्याची शक्यता कमी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीत रोज ५० मिग्रॅ तीन महिने दिल्यावर मात्र आतड्यावर परिणाम दिसला. चटणी दोषी नव्हती. पुढच्या वर्षी तांदळाच्या पिठाचा हिंग घ्या एवढंच सांगितलं. (आहारतक्त्यांत हिंगाला जेवढी जागा मिळते त्याच्या निम्मी तरी गिरणीला मिळायला हवी.)

खरी गोम गिरणीत होती. ज्वारी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून चांगली निवडून आणलेली, पण दळण गावातल्या गिरणीत, गव्हाच्या पाठोपाठ. जात्याच्या पाळीत, नळीत, पिशवीच्या तोंडाशी आधीचं पीठ राहतं. किलोभर ज्वारीत १० ग्रॅम कणीक मिसळली, म्हणजे फक्त १ टक्का, तर ग्लुटेन सुमारे ९०० मिग्रॅ. मुलगी दिवसाला दोन भाकऱ्या खाते, १२० ग्रॅम पीठ. पोटात गेले रोज १०० मिग्रॅहून जास्त. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायची मर्यादा किलोमागे २० मिग्रॅ आहे. हे पीठ तिच्या ४५ पट. डोळ्याला काहीच दिसत नाही, भाकरी तशीच थापली जाते.

डब्याच्या वरून, मधून आणि तळातून पीठ घेऊन २०० ग्रॅमचा एकत्र नमुना आर५ एलायझाला, म्हणजे ग्लुटेन मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला, पाठवला. निकाल किलोमागे ६४० मिग्रॅ. ‘आधी दुसऱ्याची ज्वारी दळू दे, मग आपली’ हा नेहमीचा उपायही करून पाहिला. दुसरा नमुना आला ७० वर, अजूनही तिप्पट. शेवटी घरघंटी घेतली, नवी. तीत गहू कधीच घालायचा नाही, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. जुनी घरघंटी धुऊन-पुसून चालत नाही. तिसरा नमुना मापनाच्या खालच्या मर्यादेखाली.

एक गोष्ट राहिली होती, धान्य निवडणं. मळणी मशीन गव्हाला आणि शाळूला तेच असेल तर ज्वारीत गव्हाचे दाणे येतात. गव्हाच्या एका दाण्याचं वजन साधारण ४० मिग्रॅ, त्यात ग्लुटेन साडेतीन मिग्रॅच्या आसपास. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे सहा दाणे राहिले तरी २० ची मर्यादा ओलांडली. ज्वारी परातीत पसरून दोनदा निवडायची, दळण त्यानंतर. पोळपाट-लाटणं आणि परात वेगळी. तवा लोखंडी असेल तर घासून चालतो, लाकडी पोळपाट चालत नाही.

आज्जीचा प्रश्न तरीही कायम होता: “बेंदराला एक पुरणपोळी खाल्ली तर काय हुतंय? वर्षातनं एकदाच की!” त्या दिवशी कदाचित काहीच दिसणार नाही. पण ग्लुटेन ओळखणाऱ्या स्मृती टी पेशी पथ्याने मरत नाहीत, दशकानुदशकं टिकतात. पथ्यावर असलेल्या रुग्णांना तीन दिवस गहू दिला तर सहाव्या दिवशी या पेशी रक्तात मोजता येतात. म्हणून सणाला तांदळाच्या उकडीत पुरण भरून द्यावं, आणि ते सगळ्यांच्याच पानात वाढावं. एकट्या मुलीचं ताट वेगळं केलं की ती शाळेच्या वाटेवर पाव खाते.

घरघंटी आल्यावर पाच महिन्यांनी टीटीजी १.३ पट, नऊ महिन्यांनी सामान्य. हिमोग्लोबिन १२.२. पहिल्या वर्षात उंची ४ सेंमीने वाढली होती, पुढच्या वर्षात ८ सेंमीने.

धाकटा भाऊ पाच वर्षांचा, तक्रार काही नाही. सख्ख्या नातलगांत धोका ७ ते ८ टक्के, म्हणून तपासला. वडिलांकडून त्यालाही डीक्यू७ ची जोडी आली, पण आईकडून तिचं दुसरं गुणसूत्र, *०५:०१ बीटावालं. *०२ बीटा नाही, डीक्यू८ नाही. खाच बनतच नाही. त्याला दरवर्षी टीटीजीसाठी टोचायचं कारण नाही. आईकडे डीक्यू२.२ आहे. तिचं टीटीजी एकदा पाहिलं, सामान्य निघालं.

शेवटच्या भेटीत वडिलांनी खपली गव्हाचं विचारलं. या भागात खपली पिकते आणि ‘पचायला हलकी, ग्लुटेन कमी’ म्हणून चढ्या भावाने विकलीही जाते. यात अर्धं खरं आहे. पोळीच्या गव्हात ए, बी आणि डी असे तीन जनुकसंच असतात, खपलीत फक्त ए आणि बी. तो ३३ आम्लांचा तुकडा डी संचातून येतो, म्हणून खपलीत तो नसतो. पण वर मोजून दाखवलेले पहिले नऊ दुवे ए संचातल्या ग्लायडिनमध्येही आहेत. तेच सहाव्या जागचं ग्लुटामिन, तेच विकर, तोच सहावा खिसा. खपली नाही. नाचणी, वरी, राजगिरा हवं तेवढं, फक्त दळण घरच्या घरघंटीत.